पदर उलटा करून दाखवा

पैठणी घ्यायला निघालेल्या बाईच्या मनात रंग, काठ, बुट्टी हे सगळं असतंच, पण त्याआधी एक शंका असते: ही खरोखर हातमागावरची आहे का? काही हजारांत मिळणारी यंत्रमागाची सेमी पैठणी आणि तिच्या कित्येक पट किमतीची हातमागाची पैठणी फोटोत सारख्याच दिसतात. येवल्यातला जाणता विक्रेता या शंकेवर फार बोलत बसत नाही. तो पदर उलटा करतो. हातमागाच्या पैठणीत मोराचा धागा मोरापुरताच फिरवून शेजारच्या रंगाच्या धाग्यात तिथल्या तिथे अडकवलेला असतो, म्हणून पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो. यंत्रमागाच्या पदरामागे सुट्या धाग्यांचं जाळं असतं, नाहीतर ते कापल्याच्या खुणा. हे दाखवायला वीस सेकंद लागतात, आणि गिऱ्हाइकाला ते जन्मभर लक्षात राहतं.

हेच वीस सेकंद मोबाइलवर टिपून टाकले तर? ती चित्रफीत एखादी मावशी लग्न ठरलेल्या भाचीला पाठवेल. भाची सासूबाईंना पाठवेल. त्या तिघींनी विक्रेत्याचं नाव आधी ऐकलेलंही नसेल. छोट्या व्यवसायाचं सोशल मीडियावरचं काम लोकांपर्यंत पोचतं ते या वाटेने, आणि या लेखात मला मुख्यतः हीच वाट समजावून सांगायची आहे.

सणाच्या दिवशी आपण काय टाकतो ते आठवा. गुढीपाडव्याचं तयार चित्र, कोपऱ्यात दुकानाचा लोगो, खाली मालकांचा हात जोडलेला फोटो. त्याच सकाळी गावातल्या प्रत्येक सराफाने, पतसंस्थेने, क्लासने आणि पुढाऱ्याने तसंच चित्र टाकलेलं असतं. बघणाऱ्याचा अंगठा त्यावर थांबत नाही. शुभेच्छा मनापासूनच्या असतात, त्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून, नाव घेऊन द्या. पण अशी चित्रं बनवून घेण्यावर खर्च होणारा पैसा आणि वेळ छोट्या व्यावसायिकाने आजच थांबवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘आमचे पाच हजार फॉलोअर आहेत, तरी पोस्ट दोन-तीनशे लोकांनाच दिसते,’ ही तक्रार जवळजवळ प्रत्येक दुकानदाराकडून ऐकू येते. तिचं कारण जुनं आहे. फेसबुकने २००६मध्ये न्यूज फीड आणलं, आणि पुढे त्यात कुणाला काय दाखवायचं हे कंपनीची गणितं ठरवू लागली. इन्स्टाग्रामनेही २०१६मध्ये वेळेच्या क्रमाने पोस्ट दाखवणं सोडलं. जानेवारी २०१८मध्ये फेसबुकने जाहीरच केलं की यापुढे घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना अधिक जागा मिळेल, व्यवसायांच्या पानांना कमी. त्यामुळे फॉलोअर ही आता हक्काची हजेरी राहिलेली नाही.

मग ठरतं कशावर? इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५मध्ये तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: लोक किती वेळ बघतात, किती जण लाइक करतात आणि किती जण ती पोस्ट दुसऱ्याला पाठवतात. यातलं लाइक तुमच्या सध्याच्या फॉलोअरपर्यंत पोचण्यासाठी जास्त उपयोगी पडतं. अनोळखी लोकांपर्यंत जायचं असेल तर पाठवण्याला अधिक वजन आहे. व्यवसायाला नवं गिऱ्हाईक हवं असतं, तेव्हा आपल्यासाठी तिसरी गोष्ट मोलाची.

मिठाईवाला नवा पदार्थ करतो तेव्हा आधी चार ओळखीच्या माणसांच्या हातावर चव द्यायला ठेवतो. त्यांनी ‘अजून दे’ म्हटलं, घरी न्यायला मागितलं, तर दुसऱ्या दिवशी परात भरून करतो. इन्स्टाग्रामचे रील आणि यूट्यूबचे शॉर्ट्स साधारण असेच पसरतात. आधी थोड्या लोकांना दाखवलं जातं, ते थांबले आणि त्यांनी पुढे पाठवलं तर आणखी लोकांना. म्हणून पोस्ट टाकण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावा: हे कोण, कुणाला, काय म्हणून पाठवेल? उत्तर सुचत नसेल तर ती पोस्ट अजून तयार नाही.

देवगडच्या बागायतदाराचं उदाहरण घ्या. ‘आमचा हापूस सर्वोत्तम’ हे कुणी कुणाला पाठवणार नाही. ‘पेटी घरी आल्यावर कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नका, पेंढ्यात असा पसरा, रोज हात लावून असा बघा’ हे मात्र पुण्यातली बहीण ठाण्यातल्या बहिणीला नक्की पाठवते, कारण दोघींच्या घरी त्याच आठवड्यात पेटी आलेली असते. भाजणी विकणाऱ्या महिला बचत गटाने चकली मऊ का पडते ते दाखवावं: आच मोठी ठेवली की बाहेरून रंग लवकर येतो आणि आत ओल राहते. कढई, दोन आचांवर तळलेल्या दोन चकल्या आणि त्या मोडल्याचा आवाज, एवढंच पुरे. गटातल्या बाईंनी भाजणीचं पाकीट एकदाही पुढे केलं नाही तरी चालेल. ज्यांना इतकं कळतं त्यांच्याकडूनच भाजणी घ्यावी, हे बघणारीला वेगळं सांगावं लागत नाही.

असे विषय शोधायला कुठल्या एजन्सीची गरज नाही. गल्ल्याशेजारी एक वही ठेवा आणि पंधरा दिवस गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘हे धुतल्यावर आटेल का?’ ‘दोन माणसांना किती लागेल?’ ‘तुमच्यात आणि बाजूच्याच्यात पन्नास रुपयांचा फरक का?’ हा शेवटचा प्रश्न ऐकून आपल्याला राग येतो, पण सर्वांत जास्त बघितलं जाणारं उत्तर बहुधा त्याचंच असतं. पंधरा दिवसांत वहीत चाळीस-पन्नास प्रश्न जमतील, त्यातले निम्मे पुन्हा पुन्हा आलेले असतील. आठवड्याला दोन या हिशेबाने अडीच-तीन महिन्यांचं काम झालं.

‘आमच्या धंद्यात बघण्यासारखं आहे काय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम रुक्ष वाटणारा धंदा घेतो. तालुक्याच्या गावातलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. काळपट भिंती, तांब्याच्या तारा, वार्निशचा वास. तिथे दर आठवड्याला शेतकरी जळालेली मोटार घेऊन येतो आणि विचारतो, ‘आत्ता दोन महिन्यांपूर्वी तर भरून नेली होती, परत कशी जळली?’ कारागिराला वेटोळं उघडून बघताच बरंच कळतं. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार दोनवरच चालत राहिली तर वेटोळ्याचा काही भाग काळा पडतो आणि काही चांगला राहतो. पाणी आटून पंप कोरडा चालला तर खुणा वेगळ्या. ते काळं वेटोळं कॅमेऱ्यासमोर धरून, बोट ठेवून हे समजावून सांगा आणि फेज गेला की मोटार आपोआप बंद करणारं उपकरण कुठे बसवतात तेही दाखवा. ही चित्रफीत लाखभर लोक बघणार नाहीत. पंचक्रोशीतल्या तीनशे शेतकऱ्यांनी बघितली आणि चाळीस जणांनी भावकीच्या ग्रुपवर टाकली, तर त्या दुकानाला वर्षभराचं काम मिळू शकतं. मुंबईतल्या एक लाख लोकांनी बघून त्याला एक मोटारही येणार नाही. आकडा मोठा दिसावा म्हणून नाचाचे, विनोदाचे रील करणाऱ्या व्यावसायिकांना माझी कळकळीची विनंती आहे की बघणाऱ्यांत आपलं गिऱ्हाईक किती हे आधी मोजा.

आता चित्रणाबद्दल थोडं. पहिल्या तीन सेकंदांत बघणारा थांबायचं की नाही ते ठरवतो, म्हणून लोगो फिरत येणं, ‘नमस्कार मित्रांनो, कसे आहात’ हे सगळं काढून टाका. उलटा केलेला पदर, काळं वेटोळं, मोडलेली चकली पहिल्याच क्षणी दिसली पाहिजे. एसटीत, दवाखान्याबाहेरच्या बाकावर, बाळ झोपलेलं असताना अनेक जण आवाज बंद ठेवून बघतात. तेव्हा बोलणं मराठी अक्षरांत पडद्यावर उमटवा आणि ते शुद्ध लिहा. ‘हळद’ची ‘हलद’ झाली तर हळद विकणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील? मोबाइल उभा धरा आणि उजेड चेहऱ्यावर घ्या, पाठीमागून येऊ देऊ नका. रस्त्यावरचं दुकान असेल तर शटर उघडल्यावरचा पहिला अर्धा तास शांत असतो, तेव्हा काम उरका. महागडा कॅमेरा लागत नाही. लोकांना दुकान ओळखीचं वाटायला हवं, म्हणून माणूस तोच ठेवा: मालक, सून, जुना कारागीर, जो न घाबरता बोलतो तो.

बोली बदलू नका. सातारचा माणूस सातारी बोलला, मालवणचा मालवणी बोलला, तर गावचे लोक थांबतातच, आणि परगावी गेलेले त्याहून जास्त थांबतात.

शोधाचा भाग मात्र अनेक जण विसरतात. आपण मराठी बोलतो, पण मोबाइलवर शोधताना बरेच जण मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात. तेव्हा पोस्टखालचा मजकूर देवनागरीत लिहा आणि वस्तूचं नाव व गाव रोमन लिपीतही एकदा द्या. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलमधली नावाची जागा शोधात धरली जाते. तिथे नुसतं ‘श्री गणेश एंटरप्रायझेस’ असेल तर कुणाला सापडणार? ‘गणेश, घाण्याचं तेल, बारामती’ असं काय आणि कुठे ते लिहा. हॅशटॅगची माळ लावणं सोडून द्या. त्याने पोस्ट फार पसरत नाही, हे मोसेरी यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे; नेमके तीन-चार पुरतात. जुलै २०२५पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांवरच्या सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधातही दिसू शकतात, त्यामुळे खाली लिहिलेल्या साध्या वाक्यांचं मोल वाढलं आहे. आणि गूगलवर व्यवसायाची मोफत नोंद अजून केली नसेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ती करा. वेळ, फोन नंबर, नकाशावरची जागा, दुकानाच्या दर्शनी भागाचा ताजा फोटो. ‘जवळचा टायरवाला’ शोधणारा माणूस रील बघत बसलेला नसतो, तो पंक्चर गाडीपाशी उभा असतो.

तयारी असण्याचा अर्थ काय हे कोल्हापुरी चपलेने २०२५मध्ये सगळ्यांना दाखवलं. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेही कोल्हापूरचा उल्लेख न करता. या चपलेला २०१९मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. समाजमाध्यमांवर संताप उसळला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिलं आणि भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं कंपनीने मान्य केलं. त्या दिवसांत देशभरातले लोक कोल्हापुरी म्हणजे नेमकं काय ते शोधत होते, आणि काही विक्रेत्यांनी ती चर्चा पकडून आपला माल पुढे आणला. असं लक्ष पुन्हा पुन्हा मिळत नाही, आणि ते येतं तेव्हा नव्याने चित्रण करायला वेळ नसतो. ज्याच्या खात्यावर बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कसं कमावतात, वेणी कशी विणतात, कापशी आणि कुरुंदवाडी या प्रकारांत फरक काय, पावसाळ्यात चप्पल भिजली तर उन्हात न टाकता सावलीत का वाळवायची, असं सगळं आधीपासून असेल, त्याच्याकडे आलेला माणूस थांबतो. ज्याच्या खात्यावर नुसत्या ‘५० टक्के सूट’च्या पाट्या, त्याच्याकडून तो निघून जातो. अशा खोलवरच्या माहितीसाठी यूट्यूब उत्तम. तिथली ‘कशी ओळखावी’ प्रकारची चित्रफीत शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं सापडत राहते.

हंगामी धंद्याने घड्याळ पुढे लावावं. अमेरिकेत, दुबईत राहणाऱ्या मुलांना दिवाळीचा फराळ पाठवणारी घरं पार्सलची चौकशी दिवाळीच्या बऱ्याच आधी करतात. फराळवाल्या काकूंनी अनारसे धनत्रयोदशीला दाखवले तर ते बघून फक्त जीव हळहळतो, ऑर्डर येत नाही. गणपती उठले की सुरुवात करा. डब्यातला फराळ प्रवासात मोडू नये म्हणून तुम्ही तो कसा भरता, हे दाखवा. परदेशी पाठवणाऱ्या आईला सगळ्यात मोठी काळजी त्याचीच असते.

पोस्टखाली कुणी ‘किंमत?’ विचारलं की ‘इनबॉक्स बघा’ लिहायची पद्धत पडली आहे. ती सोडा. भाव उघड लिहा, वेगवेगळा असेल तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं लिहा. दुकानात विचारणाऱ्याला आपण कोपऱ्यात नेऊन कानात भाव सांगत नाही. प्रत्येक टिप्पणीला त्याच दिवशी उत्तर द्या, टीकेलाही. चुकलं असेल तर चुकलं म्हणा. पुढचे पन्नास लोक ते उत्तर वाचत असतात.

आपल्याकडे खरी विक्री शेवटी व्हॉट्सअॅपवर ठरते. तिथल्या ब्रॉडकास्टची एक खोच लक्षात ठेवा: एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच संदेश पोचतो. म्हणून बिल देताना गिऱ्हाइकाला ‘आमचा नंबर दुकानाच्या नावाने सेव्ह करा, नवा माल आला की कळवू’ असं तोंडी सांगा, आणि ते सेव्ह करीपर्यंत थांबा. स्टेटसवर रोज तीन-चार खरे फोटो पुरेत. न विचारता लोकांना ग्रुपमध्ये घालू नका. त्याने ओळखीची माणसंसुद्धा दुरावतात.

जाहिरातीला पैसे घालायचे का? घाला, पण आपोआप चांगली चाललेल्या पोस्टवरच. जी पोस्ट फुकटात थांबली नाही ती पैसे देऊनही लोकांना थांबवत नाही. दुकान चिपळूणचं असेल तर जाहिरात साऱ्या महाराष्ट्राला दाखवू नका, आसपासच्या टापूपुरती ठेवा, आणि जाहिरात दाबल्यावर थेट व्हॉट्सअॅप उघडेल असा पर्याय निवडा. सुरुवात दिवसाला शे-दोनशे रुपयांनी करा. वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा.

विकत मिळणारे फॉलोअर घेऊ नका. त्यात फसवणूक आहेच, शिवाय प्रत्यक्ष नुकसान आहे: तुमची पोस्ट आधी या निर्जीव खात्यांना दाखवली गेली तर कुणी थांबत नाही, कुणी पाठवत नाही, आणि ती तिथेच संपते. ‘लाइक करा, पाच जणांना टॅग करा’ अशी मागणी करणाऱ्या पोस्ट फेसबुक २०१७पासून मुद्दाम मागे टाकतं. सिनेमाचं गाणं व्यवसायाच्या रीलला लावण्याआधी त्याची परवानगी बघा; व्यावसायिक खात्यांना सगळी गाणी वापरता येत नाहीत, आणि आवाज काढून टाकलेलं रील फुकट जातं. प्रसिद्ध चेहऱ्याला पैसे किंवा माल देऊन कौतुक करून घेतलं असेल तर ते जाहिरात म्हणून स्पष्ट लिहिलं पाहिजे, आणि खोट्या दाव्याला ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. ‘मधुमेह मुळापासून जातो’ असलं काही तेल, चूर्ण, चहाबद्दल कधीही लिहू नका. लोक त्यावर विसंबून औषधं सोडतात.

आणखी एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगतो, कारण ती जवळून बघितली आहे. एका ओळखीच्या कुटुंबाच्या दुकानाचं पान काम करून देणाऱ्या एका माणसाने स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. पैशावरून वाद झाला आणि सहा वर्षांचे फोटो, अभिप्राय, फॉलोअर एका दिवसात हातचे गेले. पान कुणीही चालवो, मालकीचा ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचा हवा, दोन टप्प्यांची सुरक्षा सुरू हवी. आज रात्री दुकान बंद केल्यावर हे तपासा.

महिनाअखेरीस इनसाइट्समध्ये, म्हणजे खात्याच्या आकडेवारीत, लाइककडे आधी पाहू नका. कोणती पोस्ट किती जणांनी पाठवली, किती जणांनी जपून ठेवली, लोक सरासरी किती सेकंद थांबले, हे बघा आणि तिच्यासारख्या आणखी दोन करा. नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ विचारून त्याच वहीत टिपा. पहिले दोन-तीन महिने फारसं काही हलत नाही, तेव्हा थांबू नका. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक जे विचारील ते लिहून घ्या, दुपारी गर्दी ओसरली की त्याचं उत्तर मोबाइलसमोर द्या, आणि संध्याकाळी टाका.